वाचून दाखवलं, समजलं

तळेवाडी, तालुका निलंगा
४ फेब्रुवारी १९८३

उत्पलाबाई, तुझ्या आजीचा, चतुराबाईचा जय भीम.

अक्षर शेषेराव गुरुजींचं, बोलणं माझं. गुरुजी रिटायर झाले तरी शाळा त्यांच्या डोक्यातून गेली नाही. मी बोलते एक, ते लिहितात धुऊन-पुसून. आत्ताच सांगितलं, निदान माझं 'लई' तरी ठेवा, नाहीतर तुमचा चहा बंद. म्हणून या पत्रात लई लईच राहील. बाकी त्यांचं शुद्ध तू सोसून घे.

तुझं पाकीट मिळालं. छापायला जाणारं ते इंग्रजी पान मिळालं आणि माझ्यासाठी केलेलं त्याचं मराठीही मिळालं. गुरुजींनी आधी इंग्रजीच मोठ्यानं वाचलं. मला काय कळायचं? पण कानाला बरं वाटलं. बारकी बारकी वाक्यं, कुठं अडकणं नाही.

गावात विचारतात, तुमची उत्पला हैदराबादेत करते काय? मी सांगते, इंग्रजीचं इंग्रजी करते. परवा ग्यानोबा पारावर म्हणाला, "मावशे, इंग्रजीचं मराठी करणारे पाहिले. इंग्रजीचं इंग्रजी करायला बी पगार देत्यात का?" मी म्हणले, "तुझी बायको सुपात ज्वारी निवडती, तवा ज्वारीची ज्वारीच करती ना? मग ती काय रिकामी बसली म्हणायची?"

मागल्या उन्हाळ्यात तू ओसरीवर तुझे कागद पसरून बसली होतीस, ते आठवतं. दवाखान्याचा एक कागद होता. एकच वाक्य अकरा ओळी चाललेलं. तू म्हणालीस, "आजी, असल्या कागदात माणूस दिसतच नाही. सगळं आपोआप होतं. मी आधी माणूस शोधते आणि त्याला पुढं आणून बसवते." मग लाल पेनानं सगळं कापून टाकलंस. राहिल्या चार ओळी. मला वाटलं, ही पोरगी लई धोक्याचं काम शिकली.

आता तुझं पान. अंगठा घेण्याआधी माणसाला कागद कसा सांगावा, याचं पुस्तक. दवाखान्यातल्या नर्सबाया वाचणार, बालगृहातल्या बाया वाचणार. आणि पहिल्याच पानावर मी. तू लिहिलंस, माझ्या आजीला अक्षर येत नाही. त्र्याहत्तरच्या दुष्काळात बालगृहाच्या एका बाईनं तिच्यापुढं इंग्रजी कागद ठेवला. त्यात काय आहे ते सांगितलं नाही. आजीला वाटलं, पाऊस पडेपर्यंत माझ्या धाकट्या बहिणीला, सरजाला, ही माणसं सांभाळतील. कागदात होतं, मूल कायमचं दिलं. सरजा परदेशात गेली. माझी आई सात वर्षं त्या फाटकाशी जाऊन विचारत राहिली आणि तशीच मेली. तो कागद साध्या भाषेत असता तर माझी बहीण आज घरी असती.

हे वाचताना गुरुजींचा चष्मा ओला झाला. मी त्यांना पदर दिला नाही, त्यांचा रुमाल आहे.

तू विचारतेस, ओळ न् ओळ खरी आहे का ते सांग, तुझा होकार आल्याशिवाय मी छापू देणार नाही. माझा होकार कशाला पाहिजे? तू शिकलेली. तरी एक सांगते. त्यातली ती बाई काढून टाक. तू तिचं नाव घातलं नाहीस, पण निलंग्यात सगळ्यांना ठाऊक आहे ती कोण. नुसता कागद राहू दे. कागदाला काही लागत नाही.

दुसरं. बालगृह बंद झालं तेव्हा त्यांची दप्तरं सरकारात जमा झाली आणि तू सरजाच्या कागदाची नक्कल मागवलीस. कशाला ग? उस्मानाबादचे म्हणतात, निलंग्याचे गठ्ठे नव्या जिल्ह्याला गेले. लातूरचे म्हणतात, गठ्ठे आले पण अजून सोडले नाहीत. मागल्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला तेव्हा गावात गुलाल उधळला. सगळे म्हणाले, आता कचेरी जवळ आली. मीपण कपाळाला गुलाल लावून घेतला. माझं कारण निराळं होतं. ते गुरुजींना सांगत नाही.

खाली गुरुजींनी काय लिहिलंय बघ. मी म्हणले, "नातीला पत्र हाय, सोसायटीचा अर्ज न्हाई." तर म्हणतात, "चतुराबाई, अंगठा आला की एवढी ओळ येतेच."

वरील मजकूर वाचून दाखवला, समजला.
चतुराबाई, निशाणी अंगठा


तळेवाडी
१३ मार्च १९८३

उत्पला, जय भीम.

मी तुला साधं पत्र पाठवलं आणि तू मला परीक्षेचा पेपर पाठवलास. नऊ प्रश्न! गुरुजी म्हणाले, आम्ही वार्षिकाला सुद्धा सहाच काढत होतो.

तू लिहितेस, "आजी, मी पान परत वाचलं. या गोष्टीत तू कुठंच काही करत नाहीस. तुझं फक्त होतं. ती बाई काय म्हणाली, तिच्याच शब्दांत सांग. तू काय म्हणालीस ते तुझ्या शब्दांत सांग." मला तेव्हाच कळलं होतं, तुझं ते लाल पेन एक दिवस आपल्या घरात शिरणार.

सांगते. तुझा बाप लिंबाजी आदल्या साली गेला. तू नांदेडला वसतिगृहात, आठवीत. गावाच्या तिन्ही विहिरींना तळ दिसत होता. मी आणि तुझी आई, साखरा, पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचो. सरजा दीड वर्षाची, माझ्या पाठीला बांधलेली. हातोडा पडला की ती दचकायची, दिवसभर दचकायची. रेशनला परदेशातली लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकर लेकराला पचत नव्हती. साखराचं दूध आटलं. चैत्रात साखरा तापानं पडली. त्या उन्हाळ्यात गावातली चार लेकरं गेली होती, मोजायला बोटं पुरत होती, तरी भीतीनं मोजत नव्हतो.

लिंबाखाली सुकडी, भाजल्या पिठाचा सरकारी खाऊ, वाटायचं केंद्र होतं. बालगृहाची बाई तिथं टेबल घेऊन बसायची. सुमनबाई तिचं नाव, वय तुझ्या आजच्याएवढं. तिनं कागद पुढं ठेवला. तिनं वाचून

(इथं दोन ओळी खोडल्या आहेत.)

खोडलेलं दिसलं असेल. गुरुजींनी पेन थांबवून मला विचारलं, "चतुराबाई, वाचून? तुम्ही तर दहा वर्षं सांगता, वाचून दाखवलं नाही म्हणून." मी म्हणले, "वाऱ्यात काही ऐकू आलं न्हाई, तसं लिहा." त्यांनी तसं लिहिलं. मग मला ते बरं वाटेना, म्हणून तेही खोडायला लावलं. तू कागद उजेडाला धरून बघू नको. तुझी सवय मला ठाऊक आहे.

लातूरच्या कचेरीतल्या सिद्रामप्पा कारकुनानं गठ्ठा सोडला, कागद सापडला, एप्रिलमध्ये नक्कल टपालानं धाडतो म्हणाला, असं तू लिहितेस. दहा वर्षांत सरकारात कुणाला घाई झाली नाही आणि आताच याला झाली. चांगला माणूस दिसतो. त्याला म्हणावं, उन्हाचं जपा, सावकाश करा.

बाकी प्रश्नांची उत्तरं पुढं बघू. गुरुजी माझ्याकडं बघून राहिले आहेत आणि मला ते बघणं आवडत नाही.

वरील मजकूर वाचून दाखवला, समजला.
चतुराबाई, निशाणी अंगठा


(पोस्टकार्ड)
तळेवाडी, २८ मार्च १९८३

उत्पला, हे कार्ड पोस्टमननं लिहिलंय. गुरुजी रुसलेत. छपाई थांबव. नक्कल आली तर पाकीट फोडू नको, माझं पत्र आधी वाच. मी तुझ्याकडं आजवर हरभऱ्याच्या ढाळ्यांशिवाय काही मागितलं न्हाई. हे मागते. अंगठ्याला जागा उरली न्हाई.


निलंगा
९ एप्रिल १९८३

उत्पला, जय भीम.

अक्षर बदललेलं तुला पाकिटावरच कळलं असंल. हे सुमनबाईचं अक्षर हाय. तीच ती, तुझ्या पानातली बाई. ती माझं बोलणं धूत न्हाई, जसं निघतं तसं लिहिती.

सकाळच्या एसटीनं आले. स्टँडच्या मागल्या गल्लीत राहती, शिवणयंत्र चालवती. दार तिनंच उघडलं.

मी म्हणले, "ओळखलंस का?"

"ओळखलं. तुमची सून माझ्या दारात थुंकली व्हती. तुम्ही तिच्या मागं उभ्या व्हत्या."

"एक पत्र लिहून पाहिजे."

"तुमच्या गावात गुरुजी हायत की."

"हायत. पण हे त्यांना लिहिता यायचं न्हाई."

"का बरं?"

"त्यांना सांगावं लागंल. तुला ठाऊक हाय."

तिनं मला उन्हात बराच वेळ तसंच ठेवलं. ते मला परवडलं. मग आत घेतलं आणि पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. मी तुझं पान पिशवीत आणलं होतं. तिनं ते वाचलं, घडी केली, परत उघडून वाचलं. म्हणाली, "पोरगी लिहिती चांगलं." मग यंत्रावरची कापडं बाजूला केली आणि वही काढली.

आता तुझ्या रीतीनं सांगते. माणूस आधी. एका वाक्यात एकच गोष्ट.

मी सरजाला घेऊन लिंबाखाली गेले. मी साखराला सांगितलं न्हाई. ती घरात तापानं पडली होती. सुमनबाईनं दोन कागद काढले. दोन्ही इंग्रजीत होते. तिनं दोन्ही मला मराठीत सांगितले. सावकाश सांगितले. मधी एकजण सुकडी मागायला आला, त्याला तिनं थांबवलं आणि उरलेलं सांगितलं.

पहिल्या कागदात होतं, आम्ही पाऊस पडंपर्यंत लेकरू ठेवू, आईनं दर महिन्याला यायचं, बघायचं, अंगठा द्यायचा. दुसऱ्यात होतं, लेकरू कायमचं द्यायचं. मग त्याच्यावर आपला हक्क न्हाई. ते कुठं गेलं ते विचारायचं न्हाई.

सुमनबाई म्हणाली, "आजी, काय समजलं ते आता तुमच्या तोंडानं सांगा." तू तुझ्या पुस्तकात बायांना जे शिकवून राहिलीस, तेच. तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी सांगितलं. बरोबर सांगितलं. मी दुसऱ्या कागदावर बोट ठेवलं.

ती म्हणाली, "ह्यावर आईचा अंगठा लागतो. हिची आई कुठाय?"

मी म्हणले, "मेली."

इथं सुमनबाईनं पेन ठेवलं आणि आत गेली. आता आली. मी विचारलं, "लिहिलंस?" म्हणाली, "तवाच लिहिलं व्हतं, आजी. 'आई मयत.' तुमच्या शब्दावर लिहिलं."

ते तुझ्या नकलेत असंल. सिद्रामप्पाच्या पाकिटातून तुला ते दिसायच्या आधी माझ्याकडून कळावं, म्हणून ही धावपळ. जिल्हा झाला तवा मी गुलाल लावला, तो गठ्ठे वाटंतच हरवतील म्हणून. दहा वर्षं थांबले आणि आता टपालाशी शर्यत लावली.

अंगठा दिला. जांभळी शाई होती. मी अंगठा डोक्याला पुसते, तर सरजानं तो आधीच मुठीत धरला. तिच्या तळव्याला शाई लागली. ती तशीच गेली. बालगृहाच्या जीपमधी बसली तरी ती तळवाच बघत होती, माझ्याकडं बघत नव्हती.

घरी येऊन साखराला सांगितलं, पाऊस पडंपर्यंत ठेवलंय. आधी ती भांडली, मग रडली, मग म्हणाली, "दूध तरी मिळंल तिला."

पाऊस झाला. साखरा उस्मानाबादेला, बालगृहात गेली. फाटकावर सुमनबाईनं तिला विचारलं, तुम्ही कोण? साखरा म्हणाली, सरजाची आई. लेकरू तोवर गेलं होतं. त्याच आठवड्यात सुमनबाई आपल्या गावात आली. सगळा गाव जमला. ती मला म्हणाली, "आजी, तुम्ही मला आई मेली म्हणलात." मी म्हणले, "ही बाई खोटं बोलती. हिनं इंग्रजी कागदावर अंगठा घेतला, वाचून दाखवलं न्हाई." सगळ्यांना पटलं. साखराला पटलं. इंग्रजीवर घातलं की सगळ्यांना पटतं. तुला तर एवढं पटलं की तू जन्माचं काम केलंस त्याचं.

सुमनबाईची नोकरी गेली. तिचं ठरलेलं लग्न मोडलं, ते मला आज तिच्याकडून कळलं. तिनं सांगितलं न्हाई, मी विचारलं.

साखरा दर सुगीनंतर त्या फाटकाशी जायची. बालगृहाला कुलूप लागलं, तरी जायची. मी तिला भाकरी बांधून द्यायचे. सात वर्षं. एकदा म्हणाली, "आत्याबाई, ह्या वेळी दोन जास्त बांधा, भेटली तर तिला भूक लागली असंल." मी बांधल्या. मी बोलले न्हाई.

तू विचारशील का. तुझ्या नऊ प्रश्नांत हा नव्हता, तरी विचारशील. पहिला कागद घेतला असता तर साखरा महिन्यानं गेली असती आणि पोरीला घेऊन आली असती. तिला राहवलं नसतं. मग पोरगी माझ्या पाठीवर मेली असती, असं मला तवा वाटलं. आजबी वाटतं. पण मी आता जसं सांगते तसं तवा मनात सरळ नव्हतं. मी दमले होते. तिचं दचकणं माझ्या पाठीला सोसंना. ती जीप गेली तवा पाठ हलकी झाली आणि मला बरं वाटलं. हे मी कुणाला सांगितलं न्हाई. लिही सुमन, बघती काय.

आणि एक हाय. साखरा म्हणत होती, उत्पलाला नांदेडहून आणू, ती घरी बसून लेकराला सांभाळील. हे मी मुद्दाम शेवटी सांगते. आधी सांगितलं असतं तर मी चांगली दिसले असते. तुझ्या शाळेसाठी केलं म्हणायला लई सोपं हाय, आणि थोडं खरं बी हाय, पण त्याचं ओझं तू घेऊ नको. तुला कुणी विचारलं नव्हतं. अंगठा माझा होता.

आता माझा होकार. तुझ्या पानाला माझा होकार न्हाई. ते काढ. त्याच्या जागी हे घालायचं असंल तर घाल, माझ्या नावासकट. सुमनबाईचं नाव घालायचं का ते तिला विचार, तिचा पत्ता पाकिटावर हाय. मी विचारलं तर म्हणाली, "मला काही लिहायचं न्हाई. तुमचं लिहून घेतलं, बास."

नक्कल आली की पाकीट फोड. सरजा कुठल्या देशात गेली ते त्यात असंल. ती आता अकरा वर्षांची. तिला इंग्रजी येत असंल, मराठी न्हाई. तिला कुणीतरी सांगितलं असंल, तुझी आई मेली होती म्हणून तुला दिलं. तू तिला लिही. तुझ्या त्या बारक्या बारक्या वाक्यांत लिही. तुझी आई जिवंत होती. तिनं तुला दिलं न्हाई. ती सात वर्षं फाटकाशी आली. आजीनं खोटं सांगितलं.

अवघड कागद सोपा करायचं तुझं काम. हा कागद सोपाच होता ग. त्यात माझं एक खोटं हाय, तेवढं तू काढ.

गावाकडं कधी यायचं ते तू ठरव. येऊ नको वाटलं तर येऊ नको. यंदा विहिरीला पाणी बरं हाय.

सुमनबाईनं हे पत्र मला पहिल्यापासून वाचून दाखवलं. समजलं.

त्या दिवशीबी समजलं होतं.

चतुराबाई, निशाणी अंगठा